पेठेची पत

व्यापाऱ्याच्या घरात ‘पत’ हा शब्द मुलाच्या कानावर फार लवकर पडतो. शब्द दोन अक्षरांचा. पण दुकानाची उलाढाल, घराण्याचे नाव, दिलेला शब्द आणि वेळेवर फेडलेले देणे हे सारे त्यात एकत्र नांदते. वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर वर्गात आम्हांला पत मोजण्याची शास्त्रीय रीत शिकविली गेली. चालू मालमत्तेचे चालू देण्याशी प्रमाण किती, स्वतःच्या भांडवलाच्या किती पट कर्ज उचलले आहे, माल वर्षातून किती वेळा फिरतो, ही गुणोत्तरे तेव्हा आम्ही पाठ केली. ती खरी आहेत आणि उपयोगीही आहेत. परंतु १९८१ साली बँकेत रुजू झाल्यावर ज्या पहिल्या शाखाधिकाऱ्यांच्या हाताखाली मी काम केले, त्यांनी आणखी एक माप हाती दिले. कर्जाचा अर्ज टेबलावर आला की ते म्हणत, “आकडे दुपारी बघू. आधी अर्जदाराच्या दुकानावरून दोन वेळा पायी चालून या.”

‘पायी’ या शब्दावर त्यांचा भर असे. काय पाहायचे ते मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. ते चालता चालता आपोआप उमगत गेले. दुकान रोज ठरल्या वेळी उघडते की मालकाच्या लहरीप्रमाणे? माल घेऊन आलेल्या शेतकऱ्याला बसायला बाक मिळतो की तो पायरीशी ताटकळत उभा असतो? हमालाची मजुरी संध्याकाळी हातावर पडते की त्याला ‘उद्या ये’ असे ऐकावे लागते? शेजारचा दुकानदार या दुकानदाराचे नाव काढताच मोकळेपणाने बोलतो की विषय बदलतो? या चार प्रश्नांची उत्तरे कोणत्याही ताळेबंदात नसतात. पुढे अडतीस वर्षांच्या नोकरीत ताळेबंद अनेक पाहिले. पण या चार प्रश्नांचा आधार मी कधी सोडला नाही.

निवृत्तीनंतर डॉक्टरांनी रोज चालण्याचा सल्ला दिला, तेव्हा अनेक स्नेह्यांप्रमाणे मोकळ्या मैदानाची किंवा बागेची वाट न धरता मी जुनीच वाट धरली. सांगलीच्या वखार भागातून निघून गणपती पेठ, तेथून गणपती मंदिर, पुढे टिळक चौक आणि शेवटी आयर्विन पुलाचे टोक, असा तो नेम आहे. या वाटेची नावेच तिचा इतिहास सांगतात. वखार भागाच्या नावात जुन्या वखारी आहेत. चिंतामणराव पटवर्धन यांनी १८०१ च्या सुमारास सांगलीस राजधानी केली आणि राजधानीच्या पाठोपाठ पेठा वसल्या. १९२९ साली कृष्णेवर आयर्विन पूल झाला आणि पलीकडच्या गाड्या थेट बाजारात येऊ लागल्या. गुळाच्या ढेपा, मिरचीची पोती, धणे आणि सर्वांत वरचढ असा हळदीचा दरवळ. आजही डोळे मिटून चाललो तरी पेठ कोठे सुरू झाली हे नाकाला कळते.

सकाळी साडेआठ-नऊची वेळ मला विशेष आवडते. कोणी दुकानापुढे पाणी शिंपडत असतो, कोणी देवाच्या तसबिरीला हार घालीत असतो, कोणी कुलूप काढण्यापूर्वी उंबरठ्याला हात लावून तो कपाळी नेतो. काही जुन्या दुकानांत अजून गादी, लोड आणि उतरते मेज टिकून आहे. संगणक त्या मेजावरच विराजमान झाला असला, तरी त्याच्या शेजारी लाल कापडी बांधणीची वही असतेच. कीर्द आणि खतावणी आता यंत्रात गेली. वहीत उरले ते शुभ-लाभ आणि काही हातउसने आकडे, जे यंत्रात लिहिण्याजोगे नसतात.

पेठेत चालणाऱ्याला सर्वजण पाहतात आणि तोही सर्वांना पाहतो. ही साधी गोष्ट; परंतु आपल्या पूर्वजांनी तिच्यावर फार मोठा व्यवहार उभा केला होता. हुंडीचे अनेक प्रकार आपल्या वाचकांच्या आजोबांना ठाऊक असतील. त्यांत शाहजोग हुंडी नावाचा एक प्रकार होता. तिचे पैसे ती घेऊन येणाऱ्या कोणालाही मिळत नसत. ती ‘शाहा’ने, म्हणजे बाजारात ज्याची ओळख आणि प्रतिष्ठा आहे अशा व्यापाऱ्याने सादर करावी लागे. कागद खरा असला तरी तो आणणारा माणूस बाजाराच्या ओळखीचा हवा, ही अट. परगावचे पैसे या गावात चुकते होत, ते या ओळखीच्या बळावर. आणि ही ओळख घरात बसून होत नसे. ती रोज पेठेतून जाण्या-येण्याने, रामराम घेण्या-देण्याने, एकमेकांच्या सुखदुःखात पाय लावण्याने होत असे.

या ओळखीचे आणखी नवलाचे रूप मी हरिपूरच्या वाटेवर पाहिले. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरचे, नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे हे गाव सांगलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण तिची कीर्ती त्याहून कितीतरी जुनी, आणि त्या कीर्तीत हरिपूरच्या मातीचा वाटा आहे. येथे जमिनीत पेवे खणीत. तोंड अरुंद, पोट मोठे, खोली पंधरा-वीस फूट. आतून पाल्याचे अस्तर लावून हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचे. आत हवा खेळत नसल्याने किडीची भीती नसे आणि माल वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर काही तास ते तसेच मोकळे ठेवीत. कोंडलेल्या हवेत प्राणवायू नसतो, म्हणून घाईने कोणी खाली उतरत नसे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मालतारण कर्जाच्या तपासणीसाठी मी हरिपूरला जात असे. तपासणी कशाची करायची? वर सपाट जमीन, एखादी खूण, आणि खाली कोणाची तरी लक्षावधी रुपयांची हळद. पेव फोडून पाहता येत नसे, कारण फोडलेले पेव पुन्हा जैसे थे करणे सोपे नव्हते. पेवाचा मालक सांगे, ‘अमक्याची इतकी पोती, अमक्या साली भरली’, आणि बँक, व्यापारी, दलाल असे सारे त्या शब्दावर चालत. जमिनीखालचा तो माल खऱ्या अर्थाने माणसाच्या शब्दात साठविलेला होता. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले आणि मोठे नुकसान झाले. त्यानंतर शीतगृहांचा काळ आला. तो योग्यच होता. पाण्याला माणसाच्या शब्दाची भीड नसते.

पाण्याचा विषय निघाला की पेठेचा आजचा प्रश्न समोर येतो. पावसाळ्यात सांगलीकर आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा आकडा बाजारभावासारखा एकमेकांना विचारतात. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. गणपती पेठेत दुकानांच्या आत पाणी उभे राहिले. २०२१ साली पुन्हा पूर आला. पाणी ओसरल्यावर पेठेतून चालताना ओल्या हळदीचा, सडलेल्या धान्याचा आणि चिखलाचा जो वास येत होता, तो ज्याने घेतला तो विसरणार नाही. तेव्हापासून अनेक घरांत एकच चर्चा चालू आहे : पेठेतील दुकान ठेवायचे की विकायचे?

माझ्या परिचयाच्या एका घरी ही चर्चा यंदा निर्णयाला येऊन ठेपली. घरातील वडीलधाऱ्यांना सारी पेठ ‘अण्णा’ म्हणते. वय ऐंशीच्या पुढे, हळदीची अडत तीन पिढ्यांची. दोन्ही चिरंजीव कर्तबगार. त्यांनी माल केव्हाच मार्केट यार्डातील उंचावरच्या गोदामात हलविला आहे. पेठेत उरली ती अण्णांची गादी, एक दिवाणजी आणि एक नोकर. मला निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली तरी पेठेत मी ‘साहेब’च आहे. म्हणून थोरल्यांनी मला घरी बोलावले आणि कागद पुढे ठेवले. “साहेब, तुम्ही तटस्थपणे सांगा. तुमचे म्हणणे अण्णा ऐकतील.”

त्यांचे गणित स्वच्छ होते. दुकान विकल्यास सुमारे ८० लाख रुपये येतील. ७ टक्के दराने त्याचे वर्षाचे व्याज ५ लाख ६० हजार. गादी चालविण्याचा खर्च दरमहा २५ हजार, म्हणजे वर्षाला ३ लाख. दोन्ही मिळून दरसाल ८ लाख ६० हजार रुपये ती गादी खाते, आणि गादीवरून होणारी विक्री एकूण विक्रीच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नाही. शिवाय दर पावसाळ्यात जिवाला घोर तो वेगळाच. धाकट्यांनी हळूच जोडले, “आणि अण्णांनी आता विश्रांती घ्यावी, असेही वाटते.” त्या वाक्यात माया होती, हिशेब नव्हता.

या गणितात मला चूक दिसली नाही. मी एवढेच म्हटले की, जमेची बाजू पाहिली, आता बुडीत उधारीचे खाते पाहू. खतावणी काढली. अण्णा रोज गादीवर पूर्ण वेळ बसत होते त्या वर्षांत बुडीत रकमा होत्या, पण किरकोळ. गेल्या चार वर्षांत परगावच्या दोन गिऱ्हाइकांकडे मिळून ११ लाख रुपये अडकले होते. दोघांचेही व्यवहार फोनवर ठरलेले, दोघांचेही कागद उत्तम. थोरले म्हणाले, “साहेब, ती माणसे परगावची. अण्णा पेठेत बसून त्यांना कसे ओळखणार होते?” यावर इतका वेळ गप्प बसलेले अण्णा बोलले, “अरे, त्यांच्या गावचा दलाल आठवड्यातून एकदा पेठेत येतो. ट्रकवाला येतो. त्याला बसवून चहा पाजला असता, तर गिऱ्हाईक कोणत्या वाटेने चालले आहे ते त्याने न विचारता सांगितले असते. फोनला चहा पाजता येत नाही.”

सारे हसले, पण मुद्दा जागेवर राहिला. गादीचे उत्पन्न विक्रीच्या रकान्यात शोधले तर सापडत नाही. जी उधारी दिलीच गेली नाही आणि म्हणून बुडालीही नाही, तेथे ते असते. आणि न झालेल्या नुकसानाला कोणत्याही खतावणीत पान नसते. बँकेत आम्हीही उत्तम शाखा ओळखायचो ती वसुलीच्या धडाक्यावरून नव्हे; जिच्यावर वसुलीला जाण्याची पाळीच क्वचित येई, ती शाखा उत्तम.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे केवळ जुन्याचे गुणगान ठरेल. आज कर्ज मागणाऱ्याची पत ३०० ते ९०० या अंकांत मोजली जाते. २००० साली सिबिलची स्थापना झाली आणि परतफेडीची नोंद देशभर एका ठिकाणी पाहता येऊ लागली. यामुळे ज्यांना पेठ ओळखत नव्हती, अशांनाही दार उघडले. परगावाहून आलेला तरुण, स्वतःच्या नावाने धंदा करू पाहणारी स्त्री, ज्याच्या बापजाद्यांनी कधी दुकान पाहिले नाही असा कारागीर. यांच्यासाठी पेठेची ओळख ही अनेकदा भिंतच होती. शाहजोग हुंडीत ‘शाह’ नसलेल्याला जागा नव्हती, हेही खरे. अंक कोणाचे कूळ विचारीत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण अंक झालेल्या गोष्टींचा असतो. हप्ता चुकल्यावर तो खाली येतो. पेठेतला माणूस हप्ता चुकण्याच्या आधीच शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर काळजी पाहतो, आणि भला असेल तर संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन बसतो. पतीची ही राखण अंकाच्या हातची नाही.

चालण्याविषयी आपल्या परंपरेत एक सूक्ष्म विचार आहे. पाच समितींतील पहिली ईर्यासमिती. पुढची चार हात जमीन पाहत, दिवसाच्या उजेडात, कोणत्याही जीवास इजा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे, असे ती सांगते. हा नियम साधूंसाठी आहे. गृहस्थाकडून तो तंतोतंत पाळला जाणे कठीण. तरीही पेठेतून चालताना मला त्याचा एक व्यावहारिक अर्थ जाणवतो. जो बेताने चालतो त्यालाच लहान जीव दिसतो. मोटारीतून जाणाऱ्याला दुकान दिसते, पाटी दिसते. पायरीवर बसलेला हमाल दिसत नाही. आणि व्यापारात इजा होते ती बहुधा न दिसलेल्यालाच.

अण्णांच्या घरी मी कोणाच्या बाजूने निकाल दिला नाही. तो माझा अधिकारही नव्हता. एक मधला मार्ग सुचविला. थोरल्यांचा मुलगा सनदी लेखापालाचा अभ्यास करतो. त्याने दिवाळीपर्यंत रोज सकाळी घरापासून गादीपर्यंत अण्णांबरोबर पायी यावे, तासभर बसावे आणि फोनवर जे कळले नसते ते एका वहीत लिहावे. पाडव्याच्या आधी ती वही सर्वांनी वाचावी आणि मग दुकानाचे काय ते ठरवावे. सूचना सर्वांना मान्य झाली. नातवाला ती फारशी रुचली नसावी, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण तो आला.

सहा आठवडे झाले. परवा गादीवर गेलो, तेव्हा त्याने आपण होऊन वही पुढे केली. अक्षर घाईचे, पण नोंदी नीटनेटक्या. एक नोंद अशी की, अमुक घाऊक दुकान सलग चार दिवस अकरानंतर उघडते आहे, मालकाच्या घरी आजारपण आहे. उधारीची मुदत आपणच वाढवून द्यावी, असे अण्णा म्हणाले. दुसरी अशी की, मागच्या भिंतीला ओल आहे आणि ती पुराची नसून शेजारच्या फुटक्या नळाची आहे. शेजाऱ्याशी बोलल्यावर त्याने त्याच दिवशी नळ बदलला. तिसरी नोंद एका हमालाची. तीस वर्षे आपल्या गादीचा माल उचलणाऱ्या या माणसाला पूर्ण नावाने कोणीच हाक मारीत नाही, असे लिहून नातवाने त्याचे पूर्ण नाव खाली दोनदा रेघ ओढून लिहिले होते. “या नोंदीचा धंद्याला काय उपयोग, ते मला सांगता येणार नाही,” तो म्हणाला. अण्णा लोडाला टेकून ऐकत होते. त्यांनी नुसता हात वर केला आणि दिवाणजींना चहा सांगण्याची खूण केली.

निर्णय अजून व्हायचा आहे. यंदाचे वहीपूजन पेठेत होईल की यार्डात, ते मला ठाऊक नाही. दुकान विकले गेले तरी त्या घराचे काही वाईट होणार नाही. चिरंजीव हुशार आहेत आणि यार्डातही माणसे भेटतात. जागा सोडली तरी चालणे सोडू नये, एवढेच मी त्यांना पुन्हा सांगेन.

वाचकहो, दिवाळी तोंडावर आली आहे. आपल्यापैकी अनेकांचे घर आता पेठेपासून दूर, प्रशस्त वस्तीत असेल. ते कष्टाचे फळ आहे आणि त्यात खंत मानण्याचे कारण नाही. परंतु नव्या वहीवर कुंकू लावण्यापूर्वी एक सकाळ राखून ठेवावी. मोटार लांब उभी करून, मुलाला किंवा नातवाला बरोबर घेऊन, ज्या पेठेत आपल्या घराण्याची पत जमली तिच्यातून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जावे. ज्यांची ओळख आहे त्यांना रामराम करावा. ज्यांची नाही त्यांचे नाव विचारावे. खरेदी काही केली नाही तरी चालेल.